मागच्या बाकावरचा हिरवा पडदा

बीदर, शुक्रवार, १२ मार्च १९४३

हुमनाबादहून परतले, डोकं अजून ठणकतंय. लढाईमुळे पेट्रोल मिळत नाही, म्हणून सर्व्हिस मोटारीच्या मागे कोळशाची भट्टी बसवली आहे. तिच्या वायूवर इंजिन चालतं. चालू दे. पण बायकांचा बाक नेमका भट्टीला लागून, आणि भोवती जाड हिरवा पडदा! कुणाच्या डोक्यातून निघालं असेल हे?

शेजारी कोहिनूर गावची सखू होती, मांडीवर तान्हं मूल. पडद्याआड कोंडलेल्या वायूने चढावर तिची मान कलली. मूलही रडायचं थांबलं. मी ओरडले, "गाडी थांबवा!"

ड्रायव्हर म्हणाला, "हल्लागुल्ला कामून करायलाव, बाई? चढावर थांबली तर पुन्हा निघायची न्हाई."

कॉन्व्हेंटात सिस्टर म्हणायच्या, मुलीने आवाज चढवू नये. त्या या मोटारीत बसल्या नव्हत्या. छत्री अडकवून पडदा हिसडला. पुढच्या बाकावरचे, कचेरीतले पेशकारसाहेब गरजले, "पडदा राहू द्या! बायकांची अब्रू आहे."

"मग या इथे, सांभाळत बसा."

वारा आत आला. थोड्या वेळाने मूल किंचाळलं. इतकी वर्षं शाळेत शिकवण्यात काढली, पण किंचाळणं एवढं गोड कधी वाटलं नव्हतं.

सखू डोळे उघडून म्हणाली, "अक्का, बीदर आलं का?"

चढ संपल्यावर तिला पुढे बसवलं. पेशकार मागे, बीदरपर्यंत खोकत.

हिरवा पडदा मी घरी घेऊन आले, आता माझ्या खुर्चीवर पडला आहे. कुणाला परत हवा असेल, तर त्याच बाकावर बसून न्यायला यावं.