बाबांचे चाळीस सेकंद

१४ मार्च २०२४, गुरुवार

आली एकदाची ती परदेशी टीव्हीवाली मंडळी! नंदनवन वस्तीतलं आमचं एवढंसं दुकान, त्यात तिघं जण, कॅमेरा, दिवे — आणि मधे बाबा शिलाई मशीनवर. निवडणूक तोंडावर, म्हणून विषय ‘धर्म आणि देश’. झेंडे शिवणारा म्हातारा त्यांना कुणीतरी सुचवला. दुभाषी मीच. कॉलेजात इंग्रजी शिकवते, ते आज प्रथमच घरच्या कामी आलं.

बाबांना एक विचारावं तर गाडी थांबतच नाही. मी आटोपतं घेत गेले. प्रश्न विचारणारी त्यांची मॅडम खूश. म्हणाली, किती नेमकं सांगतेस! दिवसभर मी हवेत.

२१ मार्च

पाहिली फिल्म. बाबा चाळीस सेकंद. रामनवमीचे भगवे झेंडे, मशीनची सुई, मग बाबांचा चेहरा, खालून घेतलेला, राक्षसासारखा. खाली इंग्रजीत: ‘भगवा हाच माझा धर्म, हाच माझा देश.’

शेजारच्या खुंटीवर बौद्धांचे पाचरंगी पंचशील झेंडे टांगलेले होते. ते कुठंच नाहीत! पूर्वी यांना गारुडी लागायचा, आता त्रिशूळ लागतं. चौकट आधी, माणूस नंतर. संताप संताप झाला.

बाबांना वाचून दाखवलं. “मी तं लय काही बोललो होतो वं,” एवढंच म्हणाले आणि झेंड्याचा काठी ओवायचा नेफा शिवायला बसले.

२८ मार्च

अंकुशकाका आले. जरीपटका वस्तीतल्या बुद्धविहार समितीचे. एकतीस वर्षं चौदा एप्रिलचे, आंबेडकर जयंतीचे झेंडे ते बाबांकडूनच नेतात. आज चपलाही काढल्या नाहीत, दारातच उभे. चहा नको म्हणाले.

“गोपाळराव, माहा राग नाही गा. माह्या पोरीनं मले मोबाइलवर ते इंग्रजी वाचून दाखवलं. समितीतले म्हणतात, देश फक्त भगव्याचा म्हणणाऱ्याच्या हातचा झेंडा यंदा नको.”

बाबांच्या पुढ्यात एकशेवीस झेंड्यांचं कापड कापून पडलेलं.

मी सोडणार नाही यांना. बघाच!

२९ मार्च

वाहिनीला पत्र गेलं. चूक दुरुस्त करा, माफी मागा.

३ एप्रिल

उत्तर नाही. दुसरं पत्र. पहिल्यापेक्षा तिखट.

६ एप्रिल

उत्तर आलं — दोन ओळी! ‘आम्हाला जे सांगितलं गेलं तेच आम्ही दाखवलं.’ चोराच्या उलट्या बोंबा! लगेच तिसरं पत्र: न कापलेलं पूर्ण रेकॉर्डिंग द्या. अंकुशकाकांना फोन केला, चौदाच्या आत पुरावा आणते. “बरं पोरी,” म्हणाले. आवाजात काही नव्हतं.

बाबा म्हणतात, “कायले लागून राहिली वं त्याइच्या मागं? जाऊ दे.”

नाही जाऊ देणार. माझ्या बापाचं नाव आहे ते.

९ एप्रिल, पाडवा

गुढी उभारली, श्रीखंड झालं आणि बाबा पुन्हा मशीनवर. पंचशील झेंडेच शिवत होते! म्हटलं, नेणार कोण? “कापलेलं कापड तसंच ठेवत नसतात,” म्हणाले. मला आत जाऊन रडावं लागलं.

१२ एप्रिल

रेकॉर्डिंग आलं.

बाबा चार मिनिटं बोलतात. उठून केशरी तागा आणतात, कॅमेऱ्यासमोर उलगडतात. “भगवा माह्या धर्माचा, खरं हाय. पण पाहा, याच ताग्यातून अंकुशच्या झेंड्याची केशरी पट्टी कापतो. तिरंग्याचीबी. तागा एकच. माहा देश मले असा दिसते.” मग पंचशील झेंडा खुंटीवरून काढून पट्टीवर बोट ठेवतात.

मॅडम विचारते, काय म्हणतायत ते?

मग माझा आवाज. हसरा, घाईतला. एकच वाक्य. फिल्ममध्ये खाली जी अक्षरं आहेत, तीच. शब्दन् शब्द तोच.

त्यांना हेच हवंय, असं मला वाटलं होतं. मलाच!

१३ एप्रिल

बाबांना सकाळी सांगितलं. मग एकशेवीस झेंड्यांचा गठ्ठा त्यांनीच माझ्या स्कूटीवर बांधला.

निघते अंकुशकाकांकडे. आधी बाबांची चार मिनिटं ऐकवायची — मग माझं वाक्य.