विश्रांतीचा गट

३ मार्च

दादा आज पडता पडता वाचला! हृदयविकाराच्या झटक्यानंतर इस्पितळातून घरी येऊन बारा दिवस झाले. पलंगावरून उठला, डोळ्यांपुढे अंधारी आली, वहिनीने दंड धरला म्हणून निभावलं. तेव्हापासून उठायचं नाव नाही. डॉक्टरांनी रोज थोडं चालायला बजावून सांगितलं आहे. त्यावर याचं म्हणणं — "डॉक्टर सगळ्यांना तेच सांगतात. छाती माझी आहे!"

वहिनी स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "असाच पडून राहिला तर अंथरुणालाच खिळेल गं."

आणि मी? सहा वर्षं प्रयोगशाळेत नेमका हाच प्रश्न — झटक्यानंतर चालावं की पडून राहावं — उंदरांना विचारते आहे. घरी मात्र नुसती मान डोलावली.

५ मार्च

आज समजावलं. दादाने तीस वर्षं बस चालवली. तेव्हा त्याच्याच भाषेत.

मानेतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत ताण ओळखणारी मज्जातंतूंची टोकं असतात. आपण उभे राहिलो की रक्त पायांकडे ओढलं जातं, वरचा दाब घसरतो. ती टोकं तत्क्षणी मेंदूला वर्दी देतात; मेंदू हृदयाला पळवतो, रक्तवाहिन्या आवळतो. दाब चढला तर उलट — ब्रेक! हे सारं अवघ्या काही ठोक्यांत. किती वेळा शिकवलं, तरी दर वेळी अंगावर काटा येतो. आणि हृदयविकाराचा झटका येऊन गेला की हीच प्रतिक्षिप्त क्रिया मंदावते.

"म्हणजे ब्रेक आहे, पण पॅडल दाबल्यावर गाडी दोन खांब पुढे जाऊन थांबते."

"अगदी तसंच!"

"असली गाडी मी डेपोबाहेर काढली नसती, प्रोफेसरीणबाई." — आणि कूस बदलली.

माझंच उदाहरण माझ्याच गळ्यात!

९ मार्च

आकडे आले!!

नीट लिहून ठेवते. औषधाने रक्तदाब दहा अंकांनी चढवला, की निरोगी उंदराचे ठोके मिनिटाला तीसने कमी होतात. भूल देऊन हृदयाची एक धमनी बांधली, म्हणजे झटका घडवून आणला, की तेच ठोके फक्त बाराने कमी होतात. हा विश्रांतीचा गट, झटक्यानंतर न चालवलेला. पण झटक्यानंतर ज्यांना पाच आठवडे रोज सरकत्या पट्ट्यावर हळूहळू चालवलं, त्यांचे — चोवीस! ब्रेक जवळजवळ पहिल्यासारखा लागू लागला!

घरी निघण्याआधी एकेका पिंजऱ्यापाशी थांबले. या मुक्या जीवांचे उपकार कोणत्या जन्मी फिटायचे?

संध्याकाळी दादाला सांगितलं. तो उठून बसला. "बाराचे चोवीस? दुप्पट?"

"दुप्पट."

"उंदरांना फी मिळत नाही. म्हणजे खरं बोलत असतील."

१० मार्च

सकाळी सहा. माझा हात गच्च धरून फाटकापर्यंत. बेचाळीस पावलं!

२१ मार्च

कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या दुकानापर्यंत जाऊन आलो. उठताना आता दादा आधी बसतो, दहा मोजतो, मग उभा राहतो. अंधारी नाही. वहिनी नळ सोडून भांडी घासत होती. भांडी आधीच स्वच्छ होती. डोळे पुसायला आडोसा हवा होता तिला.

फक्त दादा माझा हात सोडत नाही. बोट जरी सैल केलं, तरी जागीच खिळतो. असू दे. इतकं मिळालं हेच भाग्य.

२६ मार्च

आजचंही नीट लिहून ठेवते.

प्राणीगृह सांभाळणारे मामा — बावीस वर्षांचा अनुभव, तळवे एकमेकांवर घासून ऊबदार केल्याशिवाय उंदराला स्पर्श करत नाहीत. आज उंदरांच्या नव्या तुकडीची आखणी चालू होती. मी म्हटलं, "विश्रांतीच्या गटालाही रोज उचलून बंद पट्ट्यावर ठेवायचं, नेहमीसारखं."

"नेहमीसारखं? त्यांना कुठं हलवत होतो मी? आजारी जीव, वर पिंजऱ्याच्या पाटीवर विश्रांती लिहिलेली. निजलेल्याला कशाला उठवायचं?"

एका गटाला चालणंही मिळालं आणि रोज मामांचा हातही. दुसऱ्याला दोन्ही नाही. हाताला सरावलेला उंदीर शांत होतो, आणि शांत उंदराचे ठोके वेगळे वागतात. मग ते चोवीस चालण्याचे, की मामांच्या हाताचे? सांगता येत नाही!

चूक मामांची नाही. पाटीवर मी एकच शब्द लिहिला आणि समजावला नाही. जगाला समजावणारी मी!

२७ मार्च

प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी ऐकून घेतलं, फाईल मिटली. "पुन्हा करायचं. छापण्याआधी सापडलं, देव पावला समज."

मामा दारात उभे. "तुमची मेहनत मातीत घातली मी."

"मामा, तुम्ही खरं बोललात म्हणून मी वाचले." मनापासून म्हटलं. चहा एकत्र घेतला.

पण दादा? तो त्याच आकड्यावर चालतो आहे. सांगितलं तर पुन्हा आडवा होईल. न सांगावं, तर त्याचा विश्वास मी फुकट खाते आहे.

२८ मार्च

सांगितलं. फिरून आल्यावर, पायरीवर बसून. चालण्याचा फायदा इतर अनेकांनी नीट तपासला आहे, डॉक्टरांचा सल्ला खराच आहे — हे आधी. माझे चोवीस मात्र धरू नकोस — हे नंतर.

त्याने चपला काढून पायरीखाली नीट लावल्या. मग, "म्हणजे चालण्यानं झालं की हातानं, तुला ठाऊक नाही."

"नाही."

"मग बोललीस कशाला? चालत होतो ना मी?"

"माझ्या शब्दावर चालत होतास, दादा."

उठला, आत गेला, भिंतीकडे तोंड करून निजला. वहिनीने माझ्यापुढे चहा ठेवला आणि आत जाऊन नळ सोडला. रागावली असती तर बरं झालं असतं.

२९ मार्च

सकाळी सहा. दादाचा पलंग रिकामा! वहिनी दारात, हातात चिठ्ठी, हसते आहे की रडते आहे कळेना. दादाचं अक्षर —

"आज हात न धरता चालून बघतो. मागे येऊ नकोस. प्रयोग बिघडेल."