वरचा मजला, गच्ची आणि खांब

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, निवृत्त प्राध्यापिका, अविवाहित, पूर्ण शुद्धीवर राहून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. राग आहे, तो कायद्याला चालतो, असे माझ्या वकीलबाईंनी सांगितले आहे. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी सगळे घर भाच्याला दिले होते. तो तेव्हा नऊ वर्षांचा आणि गोड होता.

१. महाविद्यालयाचा रेडिओ मी सुरू केला. परवाना विद्यार्थ्यांच्या रेडिओ मंडळाच्या नावावर आहे आणि ट्रान्समीटर माझ्या निवृत्तीच्या पैशांतून घेतलेला आहे. हे आधी सांगते, कारण विद्यमान प्राचार्य दोन्ही गोष्टी सोयीने विसरतात. परवान्यात अशी अट आहे, की केंद्र सलग तीन महिने बंद राहिले तर परवाना जातो. ही अट मात्र त्यांनी नीट वाचली. सुट्टी लागताच महाविद्यालयातल्या रेडिओच्या खोलीला कुलूप घातले. आधी रंगकाम म्हणाले, मग वायरिंगची तपासणी, मग किल्ली कारकुनाकडे आणि कारकून रजेवर. केंद्र बंद करण्याचा आदेश काढला असता तर आम्ही भांडलो असतो. त्यांनी नुसती वाट पाहिली.

मुदत संपत आली तेव्हा इस्त्रीवाला दारात येऊन म्हणाला, "मॅडम, माझा रेडिओ बिघडलाय की तुमचा?" त्याच दिवशी मी कुलूप तोडले. मी, विद्यार्थ्यांनी नव्हे. ट्रान्समीटर हातगाडीवर घालून घरी आणला, गच्चीवर अँटेनाचा खांब उभा केला आणि प्रक्षेपण पुन्हा सुरू झाले. चौकशी समितीसमोर मी हे सगळे कबूल केले. तरी प्राचार्यांनी महाविद्यालय सोडल्याचा दाखला अडवला तो आमच्या रेडिओवर बातम्या वाचणाऱ्या मुलीचा. माझे काही अडवण्यासारखे उरले नव्हते ना. कॉन्व्हेंटमधल्या आमच्या सिस्टर अशा माणसासाठी एक शब्द वापरत. तो वकीलबाईंनी येथून काढायला लावला आहे.

२. घराचा तळमजला, मागच्या अंगणासह, माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाला देते. वरचा मजला, गच्ची, खांब, बाहेरचा जिना आणि विजेचा स्वतंत्र मीटर रेडिओ मंडळाला कायमचे देते. मीटर स्वतंत्र का, ते भाच्याला ठाऊक आहे. तो चिडला की मेन स्विच बंद करतो.

आमचे गेल्या महिन्यातले बोलणे जसेच्या तसे नोंदवते.

"मावशी, आता रेडिओ ऐकतं कोण?"

"तू ऐकत नाहीस, एवढं मला माहीत आहे."

"पण डोक्यावर खांब असलेलं घर विकत कोण घेईल?"

"विकू नकोस. राहा."

"वर दिवसभर पोरं बडबडणार आणि मी खाली राहू?"

"मग बहिरं गिऱ्हाईक बघ."

तो हसला नाही. त्याची आई हसली, म्हणून माझ्या बांगड्या तिला.

भाच्याने वीज तोडली, जिना अडवला किंवा खांबाला हात लावला, तर तळमजलाही मंडळाकडे जाईल. वकीलबाई, ज्या एके काळी माझ्याच वर्गात मागच्या बाकावर बसत, म्हणाल्या, "मॅडम, जरा कडक होतंय." मी म्हटले, "कायद्यात बसतं का, तेवढं सांग." बसते.

३. बँकेतली ठेव मोडू नये. व्याजातून परवान्याचे शुल्क, विजेचे बिल आणि दुरुस्ती भागवावी. हारतुरे आणि माझ्या नावाची पाटी यांवर एक पैसाही खर्च करू नये.

४. माझे हेडफोन आणि सोल्डरिंगची हत्यारे बातम्या वाचणाऱ्या त्या मुलीला द्यावीत. तिच्या दाखल्यासाठी आम्ही लावलेला दावा माझ्या पश्चात वकीलबाईंनी चालवावा. मी मेले म्हणून तडजोड करू नये. प्राचार्य नेमकी त्याचीच वाट पाहतील.

५. प्राचार्यांना त्यांचे कुलूप, तुटलेल्या स्थितीत.

६. मी जाईन त्या दिवशी ठरलेले कार्यक्रम ठरलेल्या वेळी व्हावेत. प्राचार्य शोकसभा घेतील, त्यांना भाषणाची हौस आहे. त्यांना आमचा माइक देऊ नये. मंडळातलेच कोणीतरी भल्या मनाने सुचवील, की मॅडमसाठी प्रक्षेपण थांबवून दोन मिनिटे शांतता पाळू या. अजिबात पाळू नये. कोणाला रडू आलेच, तर त्याने खोलीबाहेर जावे आणि माइक दुसऱ्याने घ्यावा.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. वाचून पाहिले, एकही शब्द मागे घ्यावासा वाटला नाही, म्हणून सही करते.

सही: लिहून ठेवणारी

साक्षीदार, दोघांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सही केली:
१. घरचे डॉक्टर
२. समोरच्या शिवणवर्गाच्या बाई

ठिकाण: राहते घर, वरचा मजला
दिनांक: ९ सप्टेंबर