मामांचं पोस्टर आणि एकच प्रेक्षक

कुमासी, बुधवार सकाळ

तीर्थरूप बेदियाको मामा यांना भाची आदोमा हिचा दोन्ही गुडघे टेकून नमस्कार.

तुमची तब्येत कशी आहे? हे मी रीत म्हणून विचारत नाही, मला खरोखर जाणून घ्यायचं आहे. जेवण जातं ना? झोप लागते ना? सकाळी किनाऱ्यापर्यंत चालत जाता आणि चालत परत येता ना? (परत येता, हे महत्त्वाचं.) तुमचा फोन होडीतून समुद्रात पडला त्याला तीन महिने झाले, आणि आता नवा घ्यायचाच नाही असं तुम्ही ठरवलंत, याचं मला आजवर कौतुकच वाटत आलं. या आठवड्यात ते जरा कमी झालं आहे. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. आईचेही आशीर्वाद. (तिने सांगितलेले नाहीत. आजीच्या मयताच्या पोस्टरवर नातेवाइकांच्या यादीत तुम्ही तिचं नाव सातवं छापलंत तेव्हापासून, म्हणजे तीन वर्षं, ती तुमचं नाव काढत नाही हे तुम्हाला ठाऊक आहेच. हे आशीर्वाद मी माझ्या जबाबदारीवर पाठवते आहे.)

आता मुद्द्याकडे येते, निदान मुद्द्याच्या जवळपास. आमच्या सिनेमाच्या अभ्यासक्रमात दुसऱ्या वर्षी प्रत्येकाने दहा मिनिटांच्या चित्रपटाचा आराखडा द्यायचा असतो. आराखडे तीस, कॅमेरे सहा. ज्यांचा आराखडा पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी मंजूर होईल त्यांना कॅमेरा, बाकीच्यांनी वर्षभर दुसऱ्यांच्या चित्रपटात माइकची काठी धरून उभं राहायचं. मी भयपट निवडला. गोष्ट आग्यारको सरांना आवडली, पण फॉर्मवर एक रकाना असतो, ‘प्रेक्षक कोण?’, तिथे माझं घोडं अडलं. मी लिहिलं, ‘सगळे’. सर म्हणाले, ‘सगळे म्हणजे कोणीच नाही. तुमच्या गल्लीतली सगळी माणसं एकाच गोष्टीला घाबरतात का?’ मी खोडून ‘पंधरा ते पंचवीस वयाचे’ असं लिहिलं. ‘त्यांतल्या किती जणांशी बोललीस?’ मी म्हटलं, मी स्वतःच त्यांत आहे. सरांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं आणि फॉर्म परत दिला.

म्हणून मी वही घेऊन विचारत फिरले, आणि मामा, त्यात मला इतकी गोडी लागली की दोन दिवस कॉलेजलाच गेले नाही. माणसं कशाला घाबरतात हे आपल्याला मुळीच माहीत नसतं! माझ्या वर्गातले कशालाच घाबरत नाहीत. त्यांना मी एक भयंकर चित्रपट दाखवला, तर रक्ताच्या थारोळ्यासमोर बसून त्यांनी तळलेली केळी संपवली आणि आणखी आहेत का विचारलं. आमचा न्हावी घाबरतो ते अर्धं डोकं झाल्यावर वीज जाण्याला. कोपऱ्यावरचा शवपेट्या करणारा सुतार दुपारी त्यातल्याच एका पेटीत वामकुक्षी घेतो (‘गार असते’ म्हणाला), पण दात काढायचा म्हटलं की त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. शेजारच्या मादाम तविया चर्चमधल्या गाणाऱ्या बायकांच्या पुढारी. त्यांनी मला देवाच्या कृपेने आपण कशालाही भीत नाही असं पाऊण तास समजावलं, तेवढ्यात भिंतीवर सरडा दिसला आणि त्या माझी वही घेऊन पळाल्या. भुताचं नाव मात्र एकानेही घेतलं नाही. मग भयपटात भुतं कोणासाठी असतात? तुम्ही कशाला घाबरता, मामा? एवढ्या वर्षांत मी तुम्हाला कधी विचारलंच नाही.

तर माझी गोष्ट अशी. एक वयस्क गृहस्थ सकाळी पाव आणायला बाहेर पडतो आणि त्याला भिंतीवर स्वतःच्याच मयताचं पोस्टर दिसतं. फोटो त्याचा, नाव त्याचं, बसायला यायचा दिवस शनिवार. तो सगळ्यांना सांगतो की मी जिवंत आहे, आणि लोक एकदा त्याच्याकडे बघतात, एकदा पोस्टरकडे, आणि पोस्टरवर विश्वास ठेवतात. यासाठी एक पोस्टर हवं होतं, आणि पोस्टरसाठी एक भारदस्त चेहरा. आता आपल्या घरात भारदस्त चेहरा एकच आहे. मावसभावाच्या लग्नातला तुमचा तो भरजरी केंटे वस्त्रातला फोटो मी घेतला. (रागावू नका, पण त्यात तुम्ही एरवीपेक्षा खूपच रुबाबदार दिसता.)

छापखानेवाला क्वार्तेंग म्हणाला की चाळिसांच्या खाली मशीन चालू करत नाही. मथळा कोणता हवा, ‘देवाघरचं बोलावणं’ की ‘केवढा हा धक्का!’? मी धक्का घेतला, भयपट आहे म्हणून. मग त्याने मयताचं नाव, बायको, बहिणी, भाचे, भाच्या विचारायला सुरुवात केली. मामा, उभ्या उभ्या सत्तावीस माणसांचं एक नवं कुटुंब तयार करून बघा. मला नाही जमलं. मी आपलंच दिलं. हे सगळं चित्रपटासाठी आहे असंही मी त्याला स्वच्छ सांगितलं, तर त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, ‘हो बाळा, सुरुवातीला असंच वाटतं.’ पोस्टर मंगळवारी न्यायला ये म्हणाला. पण तो माणूस कामाला चोख! सोमवारी संध्याकाळीच त्याने आपल्या माणसांकरवी बाजारापासून टॅक्सीच्या थांब्यापर्यंत प्रत्येक नाक्यावर तुम्हाला चिकटवलं. अडतीस पोस्टरं. दोन माझ्यासाठी ठेवली.

मंगळवारी सकाळी मी उठले ती बांबू ठोकण्याच्या आवाजाने. दारात मांडव. त्याखाली ऐंशी प्लास्टिकच्या खुर्च्या, पाण्याच्या पिशव्यांची पोती, आणि शोकाच्या काळ्या-लाल कपड्यांत मादाम तवियांची सगळी मंडळी. शनिवारपर्यंत धीर धरवेना म्हणून आत्ताच आलो म्हणाल्या. मी ओरडून सांगितलं, मामा जिवंत आहेत! ‘बिचारीला धक्का बसलाय,’ एक बाई म्हणाली. ‘तेच तर पोस्टरवर लिहिलंय,’ दुसरी म्हणाली. मी म्हटलं, पोस्टर खोटं आहे, मीच छापलंय. तेव्हा मादाम तविया माझी समजूत घालू लागल्या, ‘अगं, फोटो आहे, नाव आहे, शनिवार आहे. आणखी काय पाहिजे तुला?’ माझीच गोष्ट माझ्या अंगणात घडत होती. खोटं कशाला सांगू, मी वही काढली. (ती तवियाबाईंनी सरड्यानंतर परत दिली होती.) नोंद केली की घाबरलेलं कोणी नाही. बहुतेकांची चौकशी शनिवारी फुफूबरोबर सूप कशाचं असेल याची होती.

आणि मग आई आली. ती रविवारपासून टेचिमानला टोमॅटोच्या खरेदीला गेली होती, तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती ट्रकमधून उतरली आणि आपल्याच दारातला मांडव बघून थांबली. तुम्ही आईला ओळखता. बाजारात तिचा आवाज चढला की ट्रकवाले हॉर्न बंद करतात. ती पोस्टरपाशी गेली, ते वरपासून खालपर्यंत वाचलं, आणि रडली नाही की ओरडली नाही. टोमॅटोच्या पेटीवर बसली. पेटी उघडी होती, टोमॅटो चिरडत होते, तिला पत्ता नव्हता. ती म्हणाली, ‘मग आता मी भांडायचं कोणाशी?’

मामा, मी शंभरेक भयपट पाहिले असतील, पण त्या वेळी जशी घाबरले तशी कधीच घाबरले नव्हते. मी धावत जाऊन तिच्या पायाशी बसले आणि सगळं सांगून टाकलं. तिने चप्पल काढली. बायकांनी तिला धरून ठेवलं, ‘दुःखात होतं असं, होतं असं,’ म्हणत राहिल्या, आणि त्यांच्या हातांमधूनही चपला नेमक्या मलाच लागत होत्या. दम लागल्यावर तिने पोस्टर पुन्हा वाचलं. बहिणींमध्ये तिचं नाव मी पहिलं दिलं होतं. ते तिने दोनदा वाचलं, आणि म्हणाली, ‘वय अडुसष्ट लिहिलंस? तो त्रेसष्टचा आहे.’

तुम्ही जिवंत आहात यावर तिचा विश्वास बसला असं मात्र मी म्हणणार नाही. क्वार्तेंगला बोलावून त्याची साक्ष काढली, तरी ती म्हणते, ‘जी मुलगी मामाला मारू शकते, तिच्या सांगण्यावरून मी त्याला जिवंत कसा धरू?’ तुमचा फोन तीन महिने बंद, तुमची खबर कोणाकडे नाही, म्हणून तिला वाटतं की तिकडे खरंच काहीतरी झालं असेल आणि मी ते चित्रपटाखाली लपवते आहे. मांडव काढू देत नाही. कालपासून बाजारात गेलेली नाही. तिच्या मांडवाखाली बसण्याचं मूळ मी आहे, आणि याची मला फार लाज वाटते.

काल दुपारी आग्यारको सरही काळा सदरा घालून सांत्वनाला आले. त्यांच्या गाडीच्या थांब्यावरच तुम्ही आहात, आणि भाच्यांमध्ये त्यांनी माझं नाव वाचलं. उजवीकडून सगळ्यांशी हात मिळवत ते माझ्यापर्यंत पोहोचले तेव्हा मी त्यांच्या कानात खरं काय ते सांगितलं. अख्ख्या कुमासीत त्यांनी एकट्याने लगेच विश्वास ठेवला, कारण आराखडा वाचलेला. त्यांनी मांडवाखाली बसलेल्या आईकडे बघितलं. मग म्हणाले, ‘प्रेक्षक सापडला की तुला,’ आणि खिशातून कोरा फॉर्म काढून दिला.

असो. पत्र फार लांबलं. हे तुमच्या अ‍ॅक्सिमला जाणाऱ्या दुपारच्या बसच्या ड्रायव्हरकडे देते आहे, तो तुम्हाला घरी आणून देईल. (त्याने पोस्टर पाहिलं आहे, तेव्हा दार उघडताना तुम्हीच त्याला जरा सांभाळून घ्या.) प्रकृतीला जपावं आणि माझ्यावर राग धरू नये, ही विनंती.

तुमची भाची,
आदोमा

ता. क. लिहायचं राहिलं. शनिवारी सकाळी दहाला आलात तर बरं होईल. पांढरी वस्त्रं नेसून टॅक्सीच्या थांब्याकडून चालत यायचं, सावकाश, आणि दुसऱ्या खांबापाशी क्षणभर थांबायचं, तिथे उजेड चांगला आहे. हसायचं नाही. मांडव, खुर्च्या, दोनेकशे माणसं सगळं तयार आहे, सर त्या दिवसापुरता कॅमेरा देतो म्हणाले आहेत. तुम्ही फक्त पंधरा मिनिटं काही बोलायचं नाही. नंतर जिवंत आहात म्हणून सांगितलंत तरी चालेल.

ता. क. २. फॉर्ममध्ये मी असं लिहिलं आहे: ‘प्रेक्षक: एक. बाई, वय सहासष्ट, टोमॅटोचा व्यापार. भुतांना भीत नाही. धाकटा भाऊ आधी जाईल आणि बोलायचं राहून जाईल, याला भिते.’ तुम्ही आला नाहीत तर हा कागद फाडावा लागेल, आणि माझ्याकडे दुसरा प्रेक्षक नाही.

ता. क. ३. पाकीट बंद करताना आईने पत्र हातातून काढून घेतलं आणि सगळं वाचलं. तिला खाली काही लिहायचं आहे म्हणते. पेन देते आहे.

बेदियाको, मी सेरवा. ही पोरगी वाढवून लिहिते. टोमॅटो चिरडले ते चारच, आणि मी कशाला भीत नाही. कॅमेरा माझ्या दारात येणार नाही, हे मी तिला सांगितलं आहे. हिच्या नाटकासाठी शनिवारपर्यंत बसून राहायला मला जमायचं नाही. पत्र हातात पडेल तेव्हा निघ, अंगावर असेल त्या कपड्यांत. आणि इथे आलास की लांबूनच हाक मार. एकदम दारात उभा राहू नकोस.