पाड्यावरचा फोन आणि ऐनाची तीन झाडं

अण्णा, तुमचा दाढीचा आरसा माझ्याकडेच राहिला. परवा कपाट आवरताना सर्व्हेच्या जुन्या पिशवीत सापडला, होकायंत्राच्या खाली. कडेचा पत्रा गंजलाय, पाठीचा लाल रंग पोपडे धरून निघालाय, पण उन्हात धरला तर अजून भिंतीवर लख्ख कवडसा पडतो. तो कवडसा बराच वेळ भिंतीवर फिरवत बसले आणि मग लिहायला घेतलं. तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली, आता काय लिहायचं, असंही वाटलं. पण मी निवृत्त झालेय, घरात एकटीच असते, आणि समोर बोलायला कुणी नसलं की माणूस गेलेल्यांशी बोलायला लागतं. आई गेल्यावर तुम्हीही ओट्याशी उभे राहून तिच्याशी बोलायचात. मी मधल्या खोलीतून ऐकायची आणि ऐकलं नाही असं दाखवायची.

तुम्ही टेलिफोन खात्यात लाइनमन. नाशिकहून त्र्यंबककडे जाणाऱ्या तारांचा एकेक खांब तुमच्या ओळखीचा होता; कुठला पावसात कलतो, कुठल्यावर कावळे घरटं करतात, हे तुम्ही जेवताना सोयऱ्याधायऱ्यांबद्दल बोलावं तसं सांगायचात. तुमच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना मी त्याच खात्यात इंजिनिअर म्हणून लागले. तुम्ही अंबडच्या दुकानातून पेढे आणलेत आणि गल्लीत वाटताना प्रत्येकाला सांगितलंत, "आता पोरगी माझी साहेब." मला तेव्हा लाज वाटली होती. कशाची, ते अजून नीट सांगता येत नाही. बहुतेक तुमच्या खाकी शर्टाची.

तेव्हा खात्याने डोंगरातल्या पाड्यांवर तारेविना फोन द्यायचं मनावर घेतलं होतं. पंधरा-वीस घरांचा एक पाडा, मग दोन डोंगर, मग दुसरा पाडा. तेवढ्या घरांसाठी दऱ्याखोऱ्यांतून खांब रोवत कोण जाणार? म्हणून रेडिओवरचे फोन आले. एक्स्चेंजच्या टॉवरवर एक अँटेना, पाड्यावरच्या एका घराच्या अंगणात पाइपाच्या खांबावर दुसरी, घरात बॅटरी आणि एक साधा फोन. अट एकच, दोन्ही अँटेना एकमेकींना दिसल्या पाहिजेत. ते बघायची आमची रीत अगदी साधी होती. पाड्यावरून एकाने आरशाने ऊन टॉवरकडे फेकायचं, टॉवरवरच्या माणसाने तिकडून फेकायचं. दोघांना चमक दिसली की रस्ता मोकळा. खात्याचा आरसा मला मिळाला नव्हता. पहिल्या सर्व्हेला निघाले त्या सकाळी तुम्ही अर्धी दाढी झालेली असताना हा आरसा खिळ्यावरून काढलात, टॉवेलने पुसलात आणि माझ्या पिशवीत टाकलात. "घे. माझी दाढी हातानं चाचपून पण हुईल." त्यानंतर तुम्ही कपाटाच्या आरशात वाकून दाढी करायला लागलात आणि हनुवटीखाली रोज थोडे केस राहायला लागले.

त्या पहिल्या सर्व्हेचा पाडा त्र्यंबकच्याही पलीकडे, घोटीच्या बाजूच्या डोंगरात. एसटी फाट्यावर सोडायची, तिथून तासाभराची चढण. फोनसाठी आम्ही निवडलेलं घर खिंडीजवळचं होतं. घरातली बाई माझ्याच वयाची. भात निघालं की तिचा नवरा द्राक्षांच्या बागांत नाहीतर नाशकात बांधकामावर जायचा आणि पावसाच्या तोंडावर परत यायचा. पाड्यातल्या बहुतेक बाया अशाच अर्धं वर्ष एकट्या. तिने मला विचारलं, "तिकून तो बोलला, तर त्याचाच आवाज यील ना? का दुसरा कोन सांगल?" मी म्हणाले, त्याचाच येईल. ती हसली आणि अंगणातली कोंबड्यांची पाटी हलवून खांबासाठी जागा करून दिली. चैत्रातलं ऊन होतं. मी तुमचा आरसा धरला आणि दूरवर, टॉवरवरून, बारीक चमक आली. आयुष्यात मला इतका आनंद फार कमी वेळा झालाय.

रात्रीच्या जेवणाला तुम्ही पिठलं ढवळत होता आणि मी ओट्याला टेकून फुशारक्या मारत होते. तुम्ही मधेच विचारलंत, "मधी झाडं हायेत का?"

"तीन ऐन आहेत खिंडीच्या तोंडाशी. पण बोडकेच आहेत. त्यांच्यातून टॉवर सरळ दिसतो."

"बोडके कशानं? राबाला छाटले आसतील."

राब मला माहीत होता. भाताची रोपं टाकायची ती जागा भाजायला त्या भागात झाडांच्या फांद्या छाटून, वाळवून, पसरून जाळतात. मी म्हणाले, असतील.

"मंग श्रावणात परत जाऊन बघ. छाटलेला ऐन लय जोमानं फुटतो. त्यात पाला वला झाला की भिंतच समज. खांब उंच घे, नायतर जागा बदल."

उंच खांब वेगळा मागवावा लागायचा. त्याला पाच-सहा महिने सहज गेले असते, आणि माझा अहवाल त्याच दुपारी साहेबांच्या टेबलावर गेला होता. तो परत मागायचा, चूक झाली म्हणायचं, आणि तेही वडिलांनी सांगितलं म्हणून? मी तडकले. "अण्णा, तुमचा तारांचा जमाना गेला आता. हे हवेतून जातं. कोयता घेऊन झाडं तोडत हिंडायचं काम नाहीये हे." तीस वर्षं तुम्ही दर पावसाळ्याआधी तेच केलं होतं. तुम्ही "बरं" म्हणालात, गॅस बारीक केलात आणि माझ्या ताटात पिठलं वाढलंत. भाकरी नेहमीसारखी कडेला करपलेली होती. त्या दिवसानंतर तुम्ही माझ्या कामाबद्दल एक शब्द विचारला नाहीत, आणि जेवताना खांबांच्या गोष्टी सांगणंही बंद केलंत. घरात दोनच माणसं, आणि ताटांचाच काय तो आवाज.

फोन लागला. पहिल्या दिवशी अख्खा पाडा अंगणात होता. त्या बाईने नवऱ्याच्या मुकादमाला लावला, नवरा येईपर्यंत रिसिव्हर दोन्ही हातांनी धरून उभी राहिली, आणि तो बोलायला लागल्यावर एवढंच म्हणाली, "जेवला का?" आम्ही सगळे हसलो. त्या रेडिओच्या फोनला बोलण्यामागे सतत एक बारीक सळसळ असायची, सुपात तांदूळ पाखडावेत तशी. तारेच्या फोनला ती नसायची. लोकांना कळत नसे, पण मी शंभर फोनांत ओळखली असती.

आणि अण्णा, तो फोन पावसाळ्यात चालला. इतर इंजिनिअरांचे पाड्यांवरचे फोन आषाढात मान टाकायचे, माझा चालायचा. पहिलं वर्ष, दुसरं, तिसरं, चौथं. मीटिंगमध्ये साहेब म्हणायचे, सर्व्हे कसा करावा ते हिच्याकडून शिका. मला वाटायचं, हे घरी येऊन तुम्हाला ऐकवावं. पण तोवर माझी बदली मालेगावला झाली होती. भाड्याची एक खोली, स्टोव्ह, खिडकीतून दिसणारी यंत्रमागाची पत्र्याची शेड. घरी महिन्या-दीड महिन्यातून एकदा जायचे, तेही तुमच्या चादरी बदलायला गेल्यासारखी. तुम्ही आपणहून फोन क्वचितच करायचात. पावसाळ्यात मात्र एकदा करायचात, माझ्या ऑफिसात, भर दुपारी.

"आवाज येतो का?"

"येतो, अण्णा."

"स्वच्छ येतो?"

"हो. काही काम होतं का?"

"नाय. सहज." आणि मग, "जेवली का?"

"कामात आहे अण्णा, नंतर बोलू." नंतर काही बोलणं व्हायचं नाही. तार जोडली की एक्स्चेंजला फोन लावून "आवाज येतो का" विचारायची तुमची जुनी सवय, तीच म्हाताऱ्याला सुटत नाही, असं मी शेजारच्या टेबलावरच्या बाईंना सांगायचे.

तुम्ही माघात गेलात, दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या. शेजाऱ्यांनी कळवलं. मी पोचले तेव्हा ओट्यावर एका माणसाचा कुकर होता आणि त्यात एका माणसाचा भात होता. तुमचं दहावं-तेरावं झालं, मी खटपट करून नाशिकला बदली करून घेतली आणि त्याच घरात राहायला आले. तुम्ही असताना ती बदली मागायचं मला सुचलं नव्हतं.

त्याच श्रावणात पाड्यावरचा फोन बंद पडला. तक्रार आल्यावर मी स्वतः गेले. बॅटरी ठीक, केबल ठीक, अँटेना ठीक. अंगणात ती बाई माझ्या मागे उभी होती. ती म्हणाली, "तुझा बा नाय आला औंदा?"

मी म्हणाले, तुझी कुणाबरोबर तरी गल्लत होतेय. ती म्हणाली, "दर सालाला येत व्हता की. नागपंचमी झाली का यायचा, खांद्याला कोयता बांधून. पयल्या साली फोन चार दिस मुका व्हता. आमाला वाटलं, पावसाचा आसंल. तो आला, खांबामागं हुभा ऱ्हायला, एक डोळा मिटून बघितलं, आन थेट त्या ऐनावर चढला. आमी म्हनलं, आमची मानसं चढत्याल, तू म्हातारा. तर म्हने, तारेचं काम हाय, माझंच हाय. वरच्या वरच्या फांद्या तोडायचा, शेळ्यांम्होरं टाकायचा. मंग नाचनीची भाकर खायाचा आन फोन लावायचा."

"कुणाला?"

"तुलाच की. बोलून ठिवला का म्हनायचा, लय कामात आसती पोरगी." मग तिने आवाज उतरवला. "तिला सांगू नका म्हनला व्हता. तिचं काम बराबर हाय म्हने, झाडंच वाढत्यात."

मी खांबामागे उभी राहिले, एक डोळा मिटला. समोर तीन ऐन, गच्च, हिरवे, पाणी ठिबकत असलेले. पलीकडचा डोंगरही दिसत नव्हता. तुमच्या कापण्याचे जुने घाव जवळ गेल्यावर दिसले, तिरपे, पाणी साचू नये असे. साठी उलटलेला माणूस ओल्या खोडावर चढतोय आणि खाली पोरगी नाही, हे चित्र मला त्या दिवसापासून सोडत नाही. तुम्ही पडला असता तर मला कळवायला तिथे एकच फोन होता, आणि तो माझ्या चुकीने मुका असता.

मी परत येऊन उंच खांब मागवला. अर्जात कारण लिहिलं, झाडांची वाढ. ते खोटं नव्हतं. सर्व्हे चुकला होता, हे मात्र लिहिलं नाही. साहेबांनी सही केली आणि दिवाळीच्या आत खांब उभा राहिला. पुढे त्या डोंगरावर मोबाइलचा टॉवर आला, आमचा फोन, बॅटरी, खांब सगळं उतरवलं. आता त्या बाईच्या कमरेलाही मोबाइल असतो. मधे तिने मला केला होता. म्हणाली, ऐन अजून आहेत, राबाला छाटतो. माझ्या हातात दिवसभर फोन असतो, अण्णा, कुठूनही कुठेही लागतो, आणि आवाज येतो का असं विचारणारं कुणी नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच. घडी करून आरशासोबत पिशवीत ठेवीन. म्हणून त्या बाईलाही कधी सांगितलं नाही ते लिहिते. तिने सांगितल्यावर मला सगळं कळलं, असंच मी आजवर म्हणत आले. ते खरं नाही. ऑफिसात तुमचा फोन यायचा तेव्हा तुमच्या आवाजामागे ती सुपातल्या तांदळाची सळसळ असायची. कौलांवर पडणारा पाऊस असायचा, कोंबडी ओरडायची. आपल्या घरी तारेचा फोन होता आणि छत सिमेंटचं होतं. पहिल्याच वर्षी मी ओळखलं होतं. तुम्ही कुठून बोलताय ते विचारलं असतं, तर तिथे का गेलात तेही ऐकावं लागलं असतं. म्हणून मी दर वर्षी म्हणाले, येतो, अण्णा, स्वच्छ येतो, आणि रिसिव्हर ठेवला.