मावशीला मी दिलेला सल्ला

बाबा,

आज ऑफिसात पुन्हा तोच प्रश्न समोर आला. पगारातला काही भाग पेन्शन योजनेत वळवला तर आत्ता कर वाचतो, पण म्हातारपणी हातात येणाऱ्या पेन्शनवर तो भरावा लागतो. पीपीएफमध्ये टाकले तर नव्या कररचनेत आत्ता काहीच सूट नाही, मात्र पुढे मिळेल ते सगळं करमुक्त. शेजारी बसणाऱ्या अमरावतीच्या मुलीने विचारलं, "मॅडम, तुम्ही काय घेतलंत?"

तुम्ही शनिवार पेठेतल्या सीएच्या कचेरीत येणाऱ्या प्रत्येकाला आधी एकच विचारायचात, "पैसे लागणार कधी?" मी मावशीला ते विचारलं नाही. आईची ही धाकटी बहीण छापखान्यात मुद्रितं तपासायची, नारायण पेठेत भाड्याच्या खोलीत एकटी राहायची. तिच्या पीपीएफची पंधरा वर्षं पुरी झाली, तेव्हा मला हिंजवडीत नोकरी लागून जेमतेम सहा महिने झाले होते. ती आपल्याकडे स्वयंपाकघरात पावटे सोलत बसली आहे आणि मी तिला पटवते आहे, "ते पैसे काढ आणि दरवर्षी थोडे थोडे पेन्शन योजनेत भर. जास्तीची वजावट मिळते." ती गेल्यावर तुम्ही म्हणालात, "पीपीएफच पुढे चालू ठेव म्हणावं. अडीनडीला काढता तरी येतात. हे तिला सांग, मग तिचं तिला ठरवू दे." मी हसले. "बाबा, तुमचं गणित जुनं झालं." दुसऱ्या दिवशी मावशीने विचारलं, "भावोजींना विचारलंस ना गं?" मी म्हटलं, "हो, त्यांचंही हेच मत आहे."

सहा वर्षांनी मालकाने खोली विकायला काढली. विकत घेता का, असं आधी मावशीला विचारलं, मुदत दिली एक महिन्याची. तुम्ही तिच्याबरोबर त्या योजनेच्या कार्यालयात तीनदा गेलात. आत्ता पैसे काढले तर मोठी कपात, उरलेल्यावर कर. काही जुळेना. खोली गेली. वाघोलीला एका लांबच्या भाच्याकडे जायला ती भांडी बांधत होती, तेव्हा म्हणाली, "भावोजी, तुम्हीसुद्धा हेच म्हणाला होतात ना? तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." तुम्ही एकदाच माझ्याकडे पाहिलंत. मग म्हणालात, "हो. चुकलं माझं." मी दोरीची गाठ मारत राहिले. त्यानंतर ती आपल्याकडे आली ती तुम्ही गेल्यावरच. दारातच उभी राहिली, आत आली नाही.

घरी येताना तुम्ही मला काहीच बोलला नाहीत. बोलला असतात तर बरं झालं असतं.

रविवारी मी वाघोलीला गेले होते, तिला सगळं सांगायचं ठरवून. आता तिला कमी ऐकू येतं. माझा हात धरून म्हणाली, "तू लहान होतीस गं. त्यांनी तरी सांगायला हवं होतं." मोठ्याने बोलावं लागलं असतं, बाहेरच्या खोलीत भाचेसून होती. मी विचारलं, "चहा टाकू का?"

बाबा, भाचेसून घरात नसती, तरी मी चहाचंच विचारलं असतं.