हंसाची चाल

प्रताप नगर, नागपूर
ता. ४ डिसेंबर १९७४

चि. मनोहर यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड काल पोचलं. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुझ्या भाऊजींचा खोकला गेला. मागच्या अंगणातलं संत्र्याचं झाड यंदा चांगलं लागलंय, आणि थंडी अशी की सकाळी नळाचं पाणी बोटांना चावतं. झालं रीतीचं लिहून. आता पुढचं नीट बसून वाच. आईला मात्र वाचून दाखवू नकोस. नाही, दाखवच.

तू लिहितोस की दिवाळीची सुट्टी संपली, रविवारी नीलाला न्यायला येतो, तोवर तिला उन्हात पाठवू नकोस, आईनं बजावून सांगितलंय. वर लिहितोस, "पोर काळी पडली तर पुढे जड जाईल." सहा वर्षांची आहे ती, मनोहर! दुधाचे दात पडून राहिले तिचे, अन् तुला तिच्या लग्नाची पडली? शाळेतल्या शुद्ध मराठीत लिहायचं ठरवून बसले होते मी, पण राग आला की मले आपली घरचीच भाषा येते. तशीच वाच.

नीला आली त्या दिवशीचं सांगते. आमच्या घरासमोर मोकळा प्लॉट आहे, तिथे गल्लीतले सारे पोट्टे लंगडी खेळून राहिले होते. ही दारातल्या सावलीत बसून पाहत होती. पायावर ऊन आलं की पाय आत ओढून घ्यायची. मी म्हटलं, जा वं, खेळ. तर म्हणते, "आत्या, आजी म्हणते मी हंस आहो. हंस लंगडी नाही खेळत."

मी हसले. लहान पोर काहीतरी बोलते म्हणून हसले. मग ती पाणी प्यायला उठली आणि मी तिला चालताना पाहिलं. दोन्ही गुडघे बाहेर, कंबर या बाजूनं त्या बाजूला. माझं हसणं तिथंच थांबलं.

तुझ्या घरात रोज पाहतोस ना रे ही चाल? दिवाळीत फ्रॉक घालून, पावडर लावून फोटो काढता, अन् पायाकडे कोणाचं लक्ष नाही!

आणि खाणं! पहिल्या दिवशी ताटात ज्वारीची भाकर अन् मेथीची भाजी वाढली, तर पोर घाबरली. भाकर खाल्ली की काळं होतं म्हणे. गुळानं काळं होतं, तिळानं काळं होतं, जवसाच्या चटणीनं तर पारच कोळसा. अंडं उष्ण. मग खाते काय? साखर-भात, साबुदाणा अन् मैद्याची बिस्किटं. पांढरं खाल्लं की पोरगी पांढरी होते, हा आईचा हिशेब. अरे, मग दूध तरी द्या, ते तर पांढरंच आहे! तर दुधानं म्हणे कफ होतो. तू वीजघरात एवढाली यंत्रं चालवतो, तिथं कोळशाच्या जागी साबुदाणा टाकून पाहतो का कधी?

दुसऱ्या दिवशी मी तिला डॉक्टरकडे नेलं. तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू आईला विचारलं असतंस. डॉक्टरनं तिचे पाय दाबून पाहिले, मनगटं पाहिली, हाडांचा फोटो काढायला लावला आणि सांगितलं, मुडदूस आहे. मी म्हटलं, खात्यापित्या घरची पोर आहे साहेब. तर तो म्हणाला, "बाई, नागपूरच्या भागात राहून या पोरीला ऊन मिळालं नाही? इथं तर ऊन फुकट सांडून राहिलंय."  औषध दिलं आहे. रोज उन्हात खेळू द्या, दूध, अंडी, डाळ, भाजी सगळं द्या, म्हणाला. लहान आहे, हाडं अजून वळतात, सरळ होतील. पण आता नाही केलं तर पुढे जन्माचं होऊन बसेल.

तुझ्या कॉलनीत केवढं मैदान आहे! त्या मैदानाकडची खिडकी आईनं पडदा लावून बंद केली, हे मला नीलानंच सांगितलं. कारण काय, तर पोट्टी तिथं उभी राहून बाहेर पाहते.

इथपर्यंत लिहिलं आणि उठले होते. पत्र इथंच संपवणार होते. संपवत नाही.

हंसाची चाल हा शब्द तू नीलासाठीच पहिल्यांदा ऐकला असशील. मी त्याच्याआधी ऐकला आहे. आपली कुमुद अशीच चालायची. तुला तिचा चेहरा आठवत असेल, चाल आठवणार नाही, तू फार लहान होतास. नावं तरी पाहा आपल्या घरातली, ती कुमुद, पांढरं कमळ, अन् मी अंजना, काजळ. तिला घरात ठेवायचे, मला रामाजी गड्यासोबत वावरात धाडायचे. मी काळीच होते, मला ऊन लागून काय बिघडणार होतं? मी वावरात हरभरा ओरबाडून खायची, बोरं खायची, भाकर-ठेचा खायची, दिवसभर उंडारायची. ती ओसरीच्या आत बसून साखर-भात खायची आणि मला विचारायची, "ताई, आज तू काय काय पाहिलं?" पाव्हणे आले की आई तिला मुद्दाम पाण्याचा तांब्या घेऊन चालायला लावायची. म्हणायची, "पाहा, हंसाची चाल आहे माह्या पोरीची."

कुमुद बाळंतपणात गेली, एवढंच तुला माहीत आहे. तुला सांगितलं गेलं की दृष्ट लागली. कोणाची, ते तुझ्यासमोर कोणी बोललं नाही. माझ्यासमोर बोलले. बारा गावचे लोक जमले होते, अन् आईनं माझ्याकडे बोट दाखवून म्हटलं, "या काळीची नजर लागली माह्या हंसाले." मी गरोदर होते तेव्हा, मनोहर. मला पुढे दोन लेक झाले, धडधाकट, ते पाहायलाही ती आली नाही. मी तुझ्याकडे खापरखेड्याला काहून येत नाही, असं तू दर राखीला विचारतोस. आता कळलं?

आणि खरं काय ते ऐक. दवाखान्याच्या व्हरांड्यात मी होते, बाबा होते. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि बाबांना म्हणाल्या, "लहानपणी मुडदूस झाला होता का हिला? कंबरेचं हाड वाकलेलं आहे, बाळाला बाहेर यायला वाटच नाही."  नंतर बाबा मला म्हणाले, तुझ्या आईला हे सांगू नको, ती जगणार नाही. मी नाही सांगितलं. नजर लावणारी म्हणवून घेतलं अन् तोंडात मूग धरून बसले. बाबा होते तोवर त्यांचा शब्द पाळला, पुढेही पाळला असता. पण ती चाल आता माझ्या अंगणात चालून राहिली आहे. अन् तुला तिचा रंग सांभाळायचा आहे!

आई वाईट नाही, हे मला नको सांगू. तिनं पोरीचं भलंच पाहिलं, तेही नको सांगू. भलं पाहता पाहता एक पोर गेली. दुसरी मी जाऊ देणार नाही.

रविवारी येऊ नकोस. नीला येणार नाही. तिचं नाव मी इथल्या शाळेत घालते आहे, शाळेतून दाखला पाठवून दे. पाय सरळ झाले, ती धावायला लागली, की मीच आणून सोडीन, आणि तेव्हा तो पडदा काढलेला मला दिसला पाहिजे. कोर्टात जायचं तर जा, ताईवर फिर्याद लाव. भेटायला ये, केव्हाही ये, पण सिंधूला घेऊन ये, पोरीची आई आहे ती. नीलाच्या पिशवीत, फ्रॉकच्या खाली, तिनं नवे कॅनव्हासचे बूट लपवून दिले होते. घरात कोंडलेल्या पोरीला बूट कशाला लागतात, याचा विचार कर. आणि त्यावरून सिंधूला एक शब्द बोललास तर याद राख.

काल नीला लंगडीच्या डावात उतरली होती. तीन उड्या मारल्या आणि पडली, गुडघा फुटला. रडत आली नाही, ओरडत आली, "आत्या, मी आउट झाली!" गालावर चांगला तांबूस रापलेला रंग चढला आहे. मग तिनं तिळाचा लाडू मागून खाल्ला आणि परत गेली.

आईला सांग, तेव्हा कुमुदवर माझी नजर नव्हती, असती तर बरं झालं असतं. नीलावर आहे.

तुझी काळी, सरळ पायांची ताई,
अंजना